विंचणीचा मीटर

"परत मापा," बाबालाल उस्ताद म्हणाले.

मी कमरेएवढ्या पाण्यात उभा होतो. अंगात ऑफिसचा पांढरा शर्ट, खाली धाकट्या भावाची हाफ पँट. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसरं, समोरच्या काठावर पालथ्या पडलेल्या शिपायाच्या हातात.

"उस्ताद, चौथ्यांदा मोजलंय. बावीस मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. चारही वेळा तेच."

"भिजली की आटत असंल टेप."

"पोलादाची आहे. पोलाद आटत नाही."

"मग तलाव आटला असंल," उस्ताद म्हणाले, आणि ते अजिबात हसत नव्हते.

ही गोष्ट चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली. विंचणी हे यंत्रमागांचं गाव. खटखट दिवसभर चालू, आणि वीज जाऊन ती थांबली की लोक दचकून घराबाहेर यायचे. तिथल्या नगरपालिकेत मी ज्युनिअर इंजिनिअर म्हणून लागून चार महिने झाले होते. वय चोवीस, डिप्लोमाला पहिला वर्ग, आणि शहाणपण नुसतं उतू जात होतं. फुटाचे मीटर, गॅलनचे लिटर, पौंडाचे किलो करायचे गुणक मला दशांशानंतरच्या चौथ्या आकड्यापर्यंत पाठ होते. कोणी विचारत नसे, तरी मी सांगत असे.

बाबालाल मुजावर कागदोपत्री तलावाचे रखवालदार होते. पण सारं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, कारण निम्म्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं होतं. त्यांची सगळ्यात गुणी शिष्या म्हणजे शैला वरुटे. सतरा वर्षांची, काटक, बोलायला कमी. आईबाप दोघंही मागावर. ती स्वतः एका कारखान्यात कांड्या भरायची, म्हणजे मागाच्या धोट्यात बसवायच्या नळ्यांवर यंत्रानं सूत गुंडाळायची, आणि सकाळ-संध्याकाळ पोहायची. शंभर मीटरला तिची वेळ होती एक मिनिट अकरा पूर्णांक दोन दशांश सेकंद. राज्याच्या स्पर्धेसाठी जिल्हा संघटनेनं मर्यादा ठेवली होती एक मिनिट पंधरा. त्याच्या आत येईल ती मुलगी संघात, आणि संघातल्या मुलींना पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात राहणं, जेवण, कॉलेज सगळं फुकट. शैलाच्या वडलांनी साफ सांगितलं होतं: संघात निवड झाली तर खुशाल पुण्याला जा, नाहीतर जूनपासून दोन पाळ्यांत कांड्या.

त्या वर्षी संघटनेनं नवा फॉर्म काढला होता. आपापल्या गावच्या तलावात घेतलेली वेळ चालेल, पण सोबत तलावाच्या लांबीचा, इंजिनिअरच्या सहीचा दाखला पाहिजे. उस्तादांनी तो भरूनच आणला होता. मी फक्त सही करायची होती. कुठल्याही शहाण्या माणसानं ती उभ्या उभ्या केली असती. मी टेप मागवली.

"म्हणजे नक्की काय झालं, साहेब?" उस्तादांनी विचारलं.

"तलाव पंचवीस मीटरचा नाही. दोन मीटर चौदा सेंटिमीटर कमी आहे. चार फेऱ्या म्हणजे शंभर मीटर धरता तुम्ही, ते खरं एक्क्याण्णव मीटर आणि वर चव्वेचाळीस सेंटिमीटर होतात."

"आन् ह्ये आजच झालं?"

"उस्ताद, पहिल्यापासूनच आहे."

उस्ताद मटकन पायरीवर बसले. वीस वर्षं त्यांनी त्या तलावात पोरांना शंभर-शंभर मीटर पोहवलं होतं. त्यातला एकही पोरगा शंभर मीटर पोहला नव्हता, हे त्यांना मी ओल्या चड्डीत उभा राहून सांगत होतो.

घोळ कुठे झाला ते मला तासाभरात सापडलं. तलावाचा मूळ नकाशा ऑफिसातल्या कपाटात होता. त्यावर शाईनं सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'लांबी २५ वार'. मग 'वार' या शब्दावर लाल रेघ मारून वर लिहिलं होतं, 'मीटर'. खाली तेव्हाच्या ओव्हरसिअरची सही. आणि नकाशाला टाचणीनं लावलेलं एक परिपत्रक: यापुढे सर्व सरकारी कागदपत्रांत दशमान परिमाणेच वापरावीत. भल्या माणसानं हुकूम तंतोतंत पाळला होता. आकड्याला त्यानं हात लावला नाही, कारण आकड्याबद्दल परिपत्रकात काहीच म्हटलेलं नव्हतं.

नकाशा काखेत मारून मी थेट नगराध्यक्षांच्या दुकानात गेलो. पारिसअण्णा शेटे म्हणजे गावातले सगळ्यात जुने कापड दुकानदार. गादीवर लोडाला टेकून ते दोन बायकांना खण दाखवत होते.

"अण्णा, वार म्हणजे तीन फूट," मी सुरुवात केली. "म्हणजे शून्य पूर्णांक नऊ एक चार चार मीटर."

"ओगले," अण्णा शांतपणे म्हणाले, "मी चाळीस वर्षं कापड विकतोय. वार म्हंजेच मीटर. सरकारनं नाव बदललं, बाकी काय न्हाई. बडोद्याचं वडोदरा केलं म्हणून गाव लांब झालं काय?"

"अण्णा, मीटर वारापेक्षा जवळजवळ साडेतीन इंचांनी मोठा असतो. मग तुम्ही गिऱ्हाइकाला मीटर म्हणून नेमकं काय मोजून देता?"

दोन्ही बायकांनी खणावरची नजर काढून अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी ताबडतोब पायांत चपला सरकवल्या.

"दुकानात ऑफिसचं बोलायचं न्हाई," ते मला बाहेर ढकलत म्हणाले. "दुपारी तातडीची सभा लावतो. पोरगी गावची हाय. काहीतरी मार्ग काढू."

सभा मी जन्मात विसरणार नाही. अठरा सभासद, नऊ इकडचे, नऊ तिकडचे. गटाराच्या झाकणावरूनही त्यांचं कधी एकमत झालं नव्हतं. त्या दिवशी मात्र सगळे शैलाच्या बाजूनं एक झाले आणि माझ्यावर तुटून पडले.

एका सभासदानं सुचवलं की पाणी काठोकाठ भरावं, म्हणजे तलाव आपोआप मोठा होईल. मी सांगितलं की त्यानं खोली वाढते, लांबी नाही. दुसऱ्यानं विचारलं, भिंत सात फूट मागे घ्यायला किती दिवस लागतील? मी म्हटलं, पावसाळा धरून सहा महिने, आणि भिंतीमागे पंपाची खोली आहे. तिसरा म्हणाला, मुलीला तिरकं पोहू द्या, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. हा मात्र हुशार होता. मी तिथल्या तिथे कर्ण काढून पाहिला. पंचवीस मीटरच्या वर जात होता. पण असं कोपऱ्यातून कोपऱ्यात पोहल्याचं जगात कुठे मान्य होत नाही म्हटल्यावर तो रुसून बसला.

शेवटी अण्णांनी टेबलावर थाप मारली. "ओगले, तलाव वाढत न्हाई. बरोबर?"

"बरोबर."

"मग मीटर कमी करू."

सभागृहात बाकं बडवली गेली. हेडक्लार्कनं ठराव लिहायला घेतला: विंचणी नगरपालिका हद्दीत यापुढे एक मीटर म्हणजे तीन फूट समजण्यात यावेत.

"थांबा," एक सभासद उठला. "घरपट्टी चौरस मीटरवर हाय. मीटर बारका केला तर माझं घर मोठं न्हाई का हुणार?"

"आन् पट्टी वाढणार!" दुसरा ओरडला.

दहा मिनिटं गोंधळ माजला. अखेर दुरुस्ती झाली: 'फक्त जलतरणाच्या कामापुरते.' अण्णांनी स्वतः अजून एक ओळ घालायला लावली: 'कापडास लागू नाही.' ठराव एकमतानं मंजूर झाला. नगरपालिकेच्या इतिहासातला तो पहिला एकमताचा ठराव, असं हेडक्लार्क डोळे पुसत म्हणाला.

"घ्या, करा आता सही," अण्णांनी फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"अण्णा, फॉर्मवर मीटर लिहिलंय. विंचणीचा मीटर असं लिहिलेलं नाही."

"तू नगरपालिकेचा नोकर हैस न्हवं? मग नगरपालिकेचा मीटर मान की."

"मीटर नगरपालिकेचा नसतो, अण्णा. तो सगळ्या जगाचा एकच असतो. म्हणून तर तो मीटर."

हे वाक्य बोलताना मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. मी फॉर्म उचलला आणि सही न करता बाहेर पडलो. मागून कोणीतरी म्हणालं, "दीड शहाणं हाय." दुसरं कोणी म्हणालं, "दीड न्हवं, एक पूर्णांक पाच दशांश."

संध्याकाळी मी तलावावर गेलो. शैला पाय पाण्यात सोडून बसली होती. उस्ताद माझ्याकडे पाठ करून उगीचच काठ झाडत होते.

"साहेब, माझी खरी वेळ किती?" तिनं विचारलं.

"त्याच वेगानं पुरे शंभर मीटर पोहलीस तर एक मिनिट सतरा पूर्णांक नऊ."

"म्हंजे मी बसत न्हाई."

"नाही."

तिनं पाण्यातले पाय वर काढले. मग म्हणाली, "आईचं नऊवारी लुगडं. त्ये मीटरात किती?"

"आठ मीटर तेवीस सेंटिमीटर."

"मग त्याला कोण नऊमीटरी म्हणत न्हाई ते बरोबरच हाय," ती म्हणाली. अण्णांना चाळीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते तिला अर्ध्या मिनिटात कळलं. "साहेब, शंभर मीटर या तलावात कुठं संपतात?"

"चार फेऱ्या झाल्या की तू परत इथेच येतेस. इथून पुढे आठ मीटर छप्पन्न सेंटिमीटर."

"तिथं दोर बांधा. मी तिथवर पोहतो." आमच्या त्या भागात मुलीही पोहतो, येतो, जातो असंच म्हणतात.

उस्ताद झाडू टाकून आले. "खुळी का काय तू? सा-सात सेकंद येकदम कशी तोडशील?"

"सात नाही, उस्ताद. दोन पूर्णांक नऊ," मी म्हणालो.

"तुम्ही गप बसा!" उस्ताद माझ्यावर खेकसले. एरवी फार मऊ बोलणारा माणूस.

"उद्या सकाळी," शैला म्हणाली. "फॉर्म परवा द्यायचा हाय न्हवं?"

दोराचा प्रश्न सोपा नव्हता. तो पाण्यावर बांधून ठेवला तर पहिल्या चार फेऱ्यांत तिच्याच आड येणार. म्हणून असं ठरलं की दोन माणसांनी तो दोन्ही काठांवरून उंच धरायचा आणि चौथ्या फेरीनंतर ती वळली की खाली सोडायचा. हा मान कोणाला, यावरून दोन्ही पक्षांत भांडण लागलं, तेव्हा अण्णांनी दोर सत्ताधारी पक्षाला एक टोक आणि विरोधी पक्षाला एक टोक असा वाटून दिला.

सकाळी सातला अख्खं गाव तलावावर. कारखान्यांची पहिली पाळी मालकांनी स्वतः उशिरा लावली. अण्णांनी तलावाच्या कठड्यावर नारळ फोडला आणि भाषण सुरू केलं, "मीटर येतील, मीटर जातील..." उस्तादांनी त्यांना हाताला धरून खाली बसवलं. एक घड्याळ उस्तादांच्या हातात, एक माझ्या. दोन्ही खास वेळ घ्यायची. अण्णांनीही आपलं मनगटी घड्याळ काढून डोळ्यांजवळ धरलं.

शिट्टी झाली आणि शैला पाण्यात शिरली.

मी तोवर पोहणं कधी नीट पाहिलंच नव्हतं. मी पाहायचो ते अंतर आणि सेकंद. त्या दिवशी मला तिचे हात दिसले. पाणी न उडवता आत जाणारे आणि मागे जाताना सगळा तलाव ओढून नेणारे. पहिली फेरी, दुसरी, तिसरी. लोक ओरडत होते. तिचा बाप एका खांबाला धरून उभा होता. चौथ्या फेरीला तिनं भिंत शिवली तेव्हा माझं घड्याळ सांगत होतं, एकोणसत्तर सेकंद. मला गुणाकार आठवेना.

"दोर! दोर सोडा!" उस्ताद किंचाळले.

सत्ताधाऱ्यानं टोक खाली सोडलं. विरोधी सभासद मात्र तिच्याकडे पाहण्यात इतका गुंगला होता की त्याच्या हातातलं टोक वरच राहिलं. शेजारच्या म्हातारीनं त्याच्या पाठीत धपाटा घातला, तेव्हा तो दोरासकट पाण्यात गेला. दोर मात्र वेळेवर आडवा पडला आणि शैलाचा हात त्यावर आला.

मी घड्याळ थांबवलं. उस्तादांनीही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दोन्ही घड्याळं एकच आकडा दाखवत होती: एक मिनिट पंधरा पूर्णांक चार.

"एक चौदा!" अण्णा ओरडले. "माझ्या घड्याळात एक चौदा! सरासरी काढा, सरासरी!"

"साहेब, किती?" शैलानं विचारलं. ती दोराला लोंबकळून धापा टाकत होती.

मी सांगितलं.

"चार दशांश म्हंजे केवढं?"

"पापणी लवते तेवढं."

ती पाण्याखाली गेली. बराच वेळ वर आली नाही. लोक कुजबुजायला लागले, उस्तादांनी उडी मारायला शर्ट काढला, तेव्हा ती वर आली. डोळे लाल झाले होते, पण ते पाण्यानंही होतात.

"हाय तेच लिवा, साहेब," ती म्हणाली.

मी लिहिलं. तलावाची लांबी बावीस पूर्णांक शहाऐंशी मीटर. प्रत्यक्ष पोहलेलं अंतर शंभर पूर्णांक शून्य शून्य मीटर. वेळ एक मिनिट पंधरा पूर्णांक चार. खाली सही, तारीख, शिक्का. इतका खरा दाखला मी त्यानंतर नोकरीत कधी दिला नाही. एवढा सच्चेपणा पाहून चार दशांशाकडे कोण बघणार, अशी माझी खात्री होती. उस्तादांचीही. "माणसंच हायत की तिथं," ते म्हणाले. मी आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं जिल्ह्याच्या गावी निघालो. टेप माझ्या पिशवीतच राहिली होती.

संघटनेचं ऑफिस जिल्ह्याच्या तलावालाच लागून होतं. चिटणीस कारखानीस नावाचे गृहस्थ होते, रुंद चेहऱ्याचे, हसतमुख. त्यांनी माझा दाखला दोनदा वाचला आणि उठून माझा हात हातात घेतला.

"वा! असे इंजिनिअर पाहिजेत. नाहीतर लोक डोळे मिटून पंचवीस लिहितात." त्यांनी चहा मागवला. मग दाखला अलगद डावीकडच्या गठ्ठ्यावर ठेवला. उजवीकडच्या गठ्ठ्यावर पाच फॉर्म होते. "चार दशांशानं हुकलं हो. फार वाईट वाटतं. पण नियम म्हणजे नियम."

"साहेब, ती खरे शंभर मीटर पोहलीय," उस्ताद म्हणाले.

"सगळ्याच शंभर मीटर पोहतात, उस्ताद," कारखानीस प्रेमानं म्हणाले. उस्ताद उठून बाहेर गेले.

मी चहा पीत बसलो. विचारायचं म्हणून विचारलं, "ही एक पंधराची मर्यादा तुम्ही ठरवली कशी?"

"अगदी शास्त्रीय पद्धतीनं. गेल्या वर्षी आमच्या या तलावात जी मुलगी पहिली आली, तिची वेळ. तीच मर्यादा."

तेवढ्यात बाहेर धबकन आवाज झाला आणि कोणीतरी ओरडलं. आम्ही धावत गेलो. उस्ताद सदरा-लेंग्यासकट जिल्ह्याच्या तलावात उतरले होते आणि लांब लांब हात मारत समोरच्या भिंतीकडे चालले होते. रखवालदार काठावरून शिव्या देत त्यांच्या बरोबरीनं धावत होता. भिंत शिवून ते वळले आणि तसेच परत आले. काठाला धरून त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं.

"चोवीस!" ते म्हणाले.

"काय चोवीस?"

"हात! विंचणीत मी चोवीस हातांत भिंत धरतो. वीस वर्षं झाली, तेवीस न्हाई आन् पंचवीस न्हाई. हितं जाताना चोवीस, येताना चोवीस." त्यांनी माझ्याकडे हात पुढे केला. "साहेब, टेप काढा."

मी टेप काढली. एक टोक उस्तादांनी धरलं, दुसरं मी. बावीस मीटर शहाऐंशी सेंटिमीटर. विंचणीच्या ओव्हरसिअरनं हुकूम पाळला होता तसाच जिल्ह्याच्या ओव्हरसिअरनंही पाळला होता. परिपत्रक सगळ्यांना एकच गेलं होतं.

काठावर उकिडवं बसून मी पेनानं तळहातावर हिशोब केला. कारखानीसांची एक पंधरा ही एक्क्याण्णव मीटरची वेळ होती. पुऱ्या शंभर मीटरला ती होत होती एक बावीस. शैला पोहली होती एक पंधरा पूर्णांक चार. म्हणजे जिल्ह्यात गेल्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलीपेक्षा साडेसहा सेकंद पुढे. आणि मी टेप काढलीच नसती, उस्तादांनी आणलेल्या फॉर्मवर गपगुमान सही केली असती, तर वाराला वार जोडून तिची एक अकरा पूर्णांक दोन धरली गेली असती, आणि तरीही ती मर्यादेच्या आतच आली असती. वारानं मोजा, मीटरनं मोजा, ती संघात होती. फक्त तिचं मीटरनं आणि बाकीच्यांचं वारानं मोजलं तरच ती बाहेर पडत होती, आणि तेवढी एकच गोष्ट मी केली होती.

मी हे सगळं कारखानीसांना सांगितलं. ओरडूनच सांगितलं बहुतेक. ते हसतमुखच राहिले, पण आता हात हातात घेतला नाही.

"यादी एव्हाना मुंबईला रवाना झालीय," ते म्हणाले. "आणि आमचा तलाव पंचवीस मीटरचा आहे. दाखला आहे आमच्याकडे. नकाशावरून दिलेला."

"साहेब, टेप बघा की! तुमच्या डोळ्यांसमोर आहे!"

"तुमच्या म्हणण्यानं आमचे वीस वर्षांचे सगळे विक्रम खोटे ठरतात, ओगले. पाटील वकिलांच्या मुलाचा विक्रम, आमच्या स्वतःच्या पुतणीचा विक्रम. असं कसं चालेल?" मग ते जरा जवळ आले आणि आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या नगरपालिकेनं कसलासा ठराव केलाय म्हणे? मीटरबद्दल? त्याची एक प्रत मिळेल का?"

परतीच्या एसटीत उस्तादांच्या लेंग्यातून पाणी ठिबकत होतं आणि कंडक्टर आमच्यावर चिडला होता. अर्ध्या वाटेवर उस्ताद म्हणाले, "पोरीला तुम्हीच सांगा, साहेब. माझ्याच्यानं न्हाई हुणार."

मी पुढे राज्य संघटनेला तीन पत्रं लिहिली. नोव्हेंबरात एक उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की, आपण वापरलेली टेप योग्य लांबीची असल्याचा दाखला सोबत जोडावा. तोवर स्पर्धा होऊन गेली होती आणि आमच्या जिल्ह्याच्या पाचही मुली पुण्याच्या खऱ्या पंचवीस मीटरच्या तलावात शेवटच्या पाच आल्या होत्या.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी एसटीतून उतरलो तो मी सरळ शैलाच्या कारखान्यात गेलो. मागांच्या खोलीपलीकडे एका पडवीत कांड्या भरायचं यंत्र होतं. ती त्याच्यापुढे उभी होती. मला पाहून तिनं बटण बंद केलं.

मी सगळं सांगितलं. काहीही न लपवता, आकड्यांसकट. मला लाज वाटत होती आणि लाज वाटली की मी आकडे जास्तच अचूक सांगतो. ती ऐकत राहिली. एका नळीचं सूत तुटलं होतं, त्याची टोकं तिच्या बोटांत होती.

"म्हंजे वारानं बी मी बसत होतो आन् मीटरनं बी," ती म्हणाली.

"हो."

"मग बसलो का न्हाई?"

"मी तुझं मीटरनं मोजलं. आणि त्यांचं..."

"त्यांचं?"

"त्यांचं मोजलंच नाही. त्यांनी लिहिलं होतं ते खरं धरलं."

तिनं तुटलेली टोकं जुळवली, गाठ मारली, दातांनी जास्तीचं सूत तोडलं.

"त्यांचं लिहिलेलं खरं," ती म्हणाली, "आन् माझं तेवढं मापायचं?"

तिनं बटण दाबलं आणि पुढची नळी लावली.